जुन्या शस्त्रांचे मोल व त्यांची वंशावळ

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत इतिहासाविषयी चार शब्द लिहिण्याचे काम संपादक मंडळ आम्हांवर सोपवीत आले आहे. यंदाचा विषय मात्र आम्ही स्वतः मागून घेतला. त्यास दोन कारणे घडली. पहिले कारण आनंदाचे आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील सदबीज ह्या लिलावगृहात नागपूरकर रघूजीराजे भोसले यांची म्हणून एक तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने ती एका मध्यस्थामार्फत विकत घेतली. वाहतूक, विमा इत्यादी सर्व खर्च धरून तीस ४७ लाख १५ हजार रुपये पडले, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईस पोहोचली. आपला वर्धा जिल्हा इ. स. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा निघाला. इंग्रजी अंमलापूर्वी हा मुलूख भोसल्यांच्याच राज्यात मोडत होता. तेव्हा ह्या वार्तेने आपल्या घराघरांत उत्साह उत्पन्न व्हावा हे साहजिकच होते.

ह्या उत्साहाच्या भरात अनेक ज्ञातिबांधवांनी आम्हांस गाठले. कोणी म्हणाले, "गुरुजी, आमच्या माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक आहे, तिचे किती येतील?" कोणी सांगितले की पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजीवास एका व्यापाऱ्याने 'भोसलेकालीन' बंदूक दाखविली असून तो दीड-दोन लाख मागतो आहे, घ्यावी की न घ्यावी? ह्या प्रश्नांची उत्तरे तोंडी देत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढावी, असे मनात आले.

दुसरे कारण तितके सुखाचे नाही. काही वर्षांपूर्वी ह्याच स्मरणिकेत आम्ही एक लेख लिहिला होता. त्यात एका चांदीच्या पट्ट्यांच्या बंदुकीचे छायाचित्र देऊन, 'रघूजीराजांच्या बंगालच्या स्वारीत आपल्या ज्ञातीच्या वीराने खांद्यावर वाहिलेली हीच ती बंदूक' असे विधान आम्ही ठामपणे केले होते. ते विधान खोटे होते. ते खोटे कसे ठरले, आम्ही कसे फसलो आणि आमच्यामुळे मंडळही कसे फसले, हे सांगितल्यावाचून इतरांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. पहिले रघूजीराजे हे नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक. सेनासाहेबसुभा हा किताब त्यांना छत्रपती शाहू महाराजांकडून मिळाला. इ. स. १७४२ मध्ये त्यांचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर यांनी बंगालवर स्वारी केली. इ. स. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्करपंतांस भेटीस बोलावून दग्याने मारले. पुढे इ. स. १७५१ च्या तहाने ओरिसा प्रांत भोसल्यांकडे आला व बंगालच्या चौथाईबद्दल सालीना १२ लाख रुपये ठरले. इ. स. १७५५ मध्ये रघूजीराजे कैलासवासी झाले. आपल्या ज्ञातीतील काही घराण्यांत पूर्वज ह्या स्वाऱ्यांत होते अशी आख्यायिका चालत आली आहे. ती खरीही असेल. परंतु आख्यायिका असणे ही एक गोष्ट, आणि तिला पुरावा म्हणून बाजारातून एखादी वस्तू आणून भिंतीवर टांगणे ही अगदी निराळी गोष्ट होय.

आमच्याकडून घडले ते असे. जुन्या वस्तूंचा एक फिरता विक्रेता मंडळाच्या कार्यालयात आला. त्याच्यापाशी एक लांब नळीची बंदूक होती. दस्त्यावर चांदीचे पत्रे, नळीवर सोन्याच्या कोफ्तगारीने कोरलेले देवनागरी अक्षरांतील रघूजीराजांचे नाव, आणि सोबत, 'अमुक वाड्यातून मिळाली' अशी तोंडी हकीकत. मंडळाचा वर्धापन समारंभ जवळ आलेला. सभागृहात पूर्वजांची काही निशाणी असावी, अशी सर्वांचीच इच्छा. कार्यकारिणीने आमचे मत विचारले, कारण आम्ही इतिहास शिकवीत असू. आम्ही नाव वाचले, डोळे भरून आले, आणि आम्ही होकार दिला. त्याच दिवशी ४०,००० रुपये विसार दिला गेला. ती रक्कम वर्गणीची होती. बंदूक मंडळात ठेवून विक्रेता गेला, आणि आम्ही तो लेख लिहिला.

पुढे चार-पाच महिन्यांनी पुलगावच्या दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेले आपले एक ज्ञातिबंधू सभेस आले होते. त्यांनी बंदूक हाती न घेता नुसती पाहिली आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, ही टोपीची आहे." आम्हांस त्याचा अर्थ कळला नाही. तो पुढे त्यांनीच समजावून दिला. आज तो आम्ही वाचकांस सांगतो, कारण एवढे ज्ञान त्या दिवशी आम्हांस असते, तर मंडळाचा पैसा वाचला असता.

तोंडाकडून दारू ठासण्याच्या बंदुकांचे, दारू पेटविण्याच्या रीतीवरून, ढोबळ मानाने तीन प्रकार होतात. पहिली तोड्याची बंदूक. हिच्यात जळता तोडा, म्हणजे सोऱ्यात भिजविलेली सुताची दोरी, चापाने खाली येऊन कानावरील रंजक पेटविते. ही आपल्या देशात सोळाव्या शतकात चांगलीच पसरली. दुसरी चकमकीची बंदूक. हिच्या घोड्यात गारेचा तुकडा अडकविलेला असून तो पोलादावर आपटला की ठिणगी पडते. कंपनी सरकारच्या पलटणींच्या हातांत होती ती हीच. तिसरी टोपीची बंदूक. हिच्यात नळीच्या बुडाशी एक पोकळ खुंटी असते. तिच्यावर स्फोटक मसाला भरलेली तांब्याची इवलीशी टोपी बसवितात व घोडा तिच्यावर आपटतो. ही युक्ती अलेक्झांडर फॉर्साइथ नामक एका स्कॉटिश पाद्रीच्या शोधातून निघाली. त्याने आपल्या शोधाचे पेटंट इ. स. १८०७ मध्ये घेतले. तांब्याच्या टोप्या इ. स. १८२० च्या सुमारास प्रचारात आल्या आणि इंग्रजांच्या फौजेत त्या सर्रास येण्यास इ. स. १८४० उजाडले. म्हणजे इ. स. १७५५ मध्ये निवर्तलेल्या राजाच्या स्वारीत टोपीची बंदूक असणे अशक्य होय.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. यंत्रावरून वस्तू अमुक काळानंतरची आहे एवढेच कळते. अमुक काळापूर्वीची आहे असे कळत नाही. तोड्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही आपल्याकडे घडविल्या जात होत्या, कारण त्या स्वस्त असत आणि गावचा लोहारही त्या दुरुस्त करी. तेव्हा 'तोड्याची आहे, म्हणजे शिवकालीन आहे' हे म्हणणेही तितकेच चुकीचे.

आम्ही विक्रेत्यास गाठले. तो डगमगला नाही. म्हणाला, बंदूक मूळची चकमकीचीच. पुढे कोणी तिला टोपी बसवून घेतली. हे उत्तर वरवर पाहता खोडून काढण्याजोगे नव्हते, कारण असे फेरफार खरोखरच पुष्कळ झाले आहेत. परंतु असा फेरफार झाला असता बाजूच्या पोलादी पट्टीवर जुन्या रंजकदानीच्या व कमानीच्या स्क्रूंची बुजविलेली छिद्रे दिसावयास हवीत. ती तेथे नव्हती. मग आमच्या त्या ज्ञातिबंधूंनी, रिकामी असल्याची खात्री करून, सर्वांसमक्ष नळी दस्त्यापासून सोडविली. नळीच्या खालच्या अंगास, जेथे चांदीच्या पत्र्यांनी आजवर कोणाची दृष्टी पोहोचू दिली नव्हती, तेथे बारीक ठसे होते : मुकुट, एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड व इंग्रजी अक्षरे. इंग्लंडमध्ये बंदुकीची प्रत्येक नळी जादा दारू भरून कसोटीस लावतात आणि ती टिकली म्हणजे तिच्यावर असा ठसा मारतात. हा ठसा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा, आणि ते परीक्षागृह कायद्याने स्थापन झाले इ. स. १८१३ मध्ये. म्हणजे रघूजीराजांच्या निधनानंतर ५८ वर्षे लोटेपर्यंत तो ठसा जगात अस्तित्वातच नव्हता.

उरले होते ते सोनेरी नाव. भिंगाने पाहता असे दिसले की गंजाने नळीस जे खड्डे पडले होते, त्या खड्ड्यांच्याही पोटात सोने उतरले होते आणि अक्षरांच्या चिरांच्या कडा लखलखीत होत्या. लोखंड आधी गंजले व नाव मागून कोरले गेले, हे त्यावरून उघड झाले. नळी विलायती, दस्ता कोणा दुसऱ्याच बंदुकीचा, चांदी अलीकडची आणि नाव सर्वांत अलीकडचे. अशा जोडकामास जुन्या वस्तूंच्या बाजारात तोटा नाही, हे पुढे आम्हांस समजले. विसार परत मिळाला नाही. पावतीवर 'एक जुनी शोभेची वस्तू' एवढेच लिहिलेले होते. ना राजांचे नाव, ना काळ. ज्यासाठी आपण पैसे मोजले, ते पावतीवर नव्हतेच.

वाचकहो, पैशाचे दुःख काही काळाने ओसरले. विसाराचा निम्मा भाग आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून मंडळास भरून दिला, उरलेला कार्यकारिणीने खर्ची टाकला. परंतु पुढच्या वर्षी गुणगौरव समारंभात सातवीतील एका मुलीने पूर्वजांवर भाषण केले. त्या बंदुकीविषयी आम्ही लिहिलेले वाक्य तिने शब्दशः पाठ म्हटले. टाळ्या पडल्या. तेव्हा आम्ही व्यासपीठावर बसलो होतो आणि उठून 'बाळ, हे खरे नाही' असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. छापलेले खोटे किती लांब जाते आणि कोणाच्या मुखी जाऊन बसते, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

आता कोणी विचारील, मग शासनाने घेतलेल्या तलवारीचे काय? तिलाही हीच कसोटी लावून पाहू. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, सरळ व एकधारी आहे. अशा विलायती पात्यांच्या तलवारीस आपल्याकडे फिरंग म्हणत, आणि मराठा सरदारांत तिची मोठी आवड होती. पात्याच्या पाठीवर सोन्याने 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा' असे नाव देवनागरीत घातलेले आहे. वस्तू, घडण व नाव ह्यांचा मेळ बसतो. आमच्या बंदुकीसारखा काळाचा उघड विरोध तेथे नाही. तरीही जिज्ञासूने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली ही की नागपूरच्या गादीवर रघूजी नावाचे तीन राजे झाले. पहिले इ. स. १७५५ पर्यंत, दुसरे इ. स. १७८८ ते १८१६ आणि तिसरे इ. स. १८१८ ते १८५३. सेनासाहेबसुभा हा किताबही घराण्यात चालत आला. तेव्हा नुसत्या नावाने निर्णय होत नाही. पाते, मूठ व नक्षी यांच्या घडणीवरून तज्ज्ञांस काळ ठरवावा लागतो. दुसरी ही की तलवार नागपुराहून विलायतेस केव्हा व कोणाच्या हस्ते गेली हे सांगणारा कागद पुढे आलेला नाही. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर जी लूट झाली, तिच्यात ती गेली असावी असे अनुमान शासनातर्फे सांगण्यात आले. अनुमान सयुक्तिक आहे. परंतु ते अनुमानच आहे.

हे अनुमान सयुक्तिक का, तेही पाहावे. तिसरे रघूजीराजे ११ डिसेंबर १८५३ रोजी औरस पुत्रावाचून वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातील संपत्ती कंपनीने ताब्यात घेतली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस मिळेल त्या भावाने विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत लिलावात काढण्यात आले. वृद्ध बांकाबाईसाहेबांचा विरोध व्यर्थ गेला. म्हणजे लढाईतील लूट आणि खालसा राज्याचा लिलाव अशा दोन वाटांनी ह्या दरबारच्या वस्तू दशदिशांस गेल्या. अशा पांगापांगीत वस्तूबरोबर कागद जात नाही. म्हणूनच नागपूर दरबारची खरी वस्तू मिळणे जितके दुर्मीळ, तितकेच तिच्या नावाने खोटी वस्तू खपविणे सोपे.

वस्तू कोणा थोर पुरुषाची हे सिद्ध करणे किती अवघड असते, ह्याचे दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तेथील वाघनखे महाराष्ट्रात प्रदर्शनासाठी तीन वर्षांच्या मुदतीने दिली. ही वाघनखे जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयास मिळाली. डफ हा इ. स. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी होता. वाघनखांच्या पेटीवर ती शिवछत्रपतींची असल्याचा मजकूर आहे. परंतु अफझलखानाच्या वधाच्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, असे सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे. अफझलखानाचा वध इ. स. १६५९ मधील, डफ साताऱ्यास आला तो त्यानंतर सुमारे १६० वर्षांनी. मधल्या काळात ती कोणाच्या हाती होती, हा धागा सापडत नाही. ह्याने शिवछत्रपतींच्या कीर्तीस रतीभरही उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो आपल्या अभ्यासास, जर आपण तो धागा शोधण्याचेच सोडून दिले तर.

उलटपक्षी हा धागा अखंड असला म्हणजे काय होते, तेही पाहावे. टिपू सुलतानाच्या दरबारासाठी असद खान महंमद या कारागिराने इ. स. १७९३-९४ मध्ये घडविलेली चकमकीची एक शिकारी बंदूक इंग्लंडात होती. ती लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे गेली होती. मे २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने तिच्या निर्यातीस तात्पुरती मनाई केली, तेव्हा तिची किंमत २० लाख पौंड धरण्यात आली होती. अमेरिकेतील दृष्टांत तर अधिकच बोलका आहे. बिली द किड नामक कुप्रसिद्ध गुंडास शेरीफ पॅट गॅरेट याने इ. स. १८८१ मध्ये ज्या पिस्तुलाने मारले, ते पिस्तूल ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजलिस येथील लिलावात ६० लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. ते सोन्यारुप्याचे नव्हते. कोल्ट कंपनीचे नेहमीच्या घडणीचे पिस्तूल होते. एवढे डॉलर पडले ते लोखंडास नव्हे, तर ते कोणाकडून कोणाकडे गेले ह्याच्या पुराव्यास.

यावरून निष्कर्ष निघतो तो हा. जुने शस्त्र विकत घेणारा मनुष्य लाकूड-लोखंडाचे थोडे आणि नावाचे फार पैसे देतो. नावाचे मोल त्याच्या वंशावळीइतके. विवाहसंबंध जोडताना आपण घराण्याची चौकशी पिढ्यान्पिढ्या मागे जाऊन करतो. परंतु लाखो रुपयांची वस्तू घेताना विक्रेत्याच्या एका वाक्यावर विसंबतो, हे विपरीत नव्हे काय?

म्हणून ज्यांना अशी वस्तू घ्यावयाचीच असेल, त्यांनी विसार देण्यापूर्वी एवढे करावे. वस्तू पूर्वी कोणाकडे होती हे लेखी मागावे, आणि मधल्या काळाचा दुवा नसेल तर तो नाही असे लिहून घ्यावे. नळी, दस्ता व चाप एकाच बंदुकीचे आहेत काय, हे जाणत्याकडून सोडवून तपासावे. विक्रेता सोडवू देत नसेल, तर तेथूनच परतावे. कोरलेल्या नावास शेवटी महत्त्व द्यावे, आधी नव्हे. विक्रेता जे तोंडाने सांगतो तेच पावतीवर लिहून द्यावयास लावावे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्यास आपले वडीलधारे अजब बंगला म्हणत, जुन्या शस्त्रांचे दालन आहे. तेथे एक दिवस घालवून अस्सल वस्तू डोळ्यांखालून घालावी.

कायद्याचीही माहिती असावी. बंदूक कितीही जुनी असली तरी ती चालण्याजोगी असेल, तर इ. स. १९५९ चा शस्त्र कायदा तीस लागू होतो. त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमाने, जुन्या घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करूनही चालण्याजोगे नाही, त्यास सूट दिली आहे. परंतु आपले शस्त्र ह्या सवलतीत बसते, हे आपल्या मनाने ठरवू नये. जिल्हादंडाधिकारी कचेरीच्या शस्त्रपरवाना शाखेत विचारून लेखी उत्तर घ्यावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू इ. स. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येतात. त्या खासगी मनुष्यास परदेशी पाठविता येत नाहीत, तेव्हा अमेरिकेत असलेल्या मुलाकडे आजोबांची बंदूक धाडण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. पडक्या गढीची माती काढताना जमिनीत काही सापडले, तर इ. स. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते.

आणि एक सूचना जिवाची आहे. ठासणीची बंदूक पिढ्यान्पिढ्या भरलेलीच टांगून ठेवलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. मुलांच्या हाती ती देऊ नये, घोडा ओढून पाहू नये, नळी विस्तवाजवळ नेऊ नये. ती भरलेली असल्याचा संशय आला तर पोलीस ठाण्यास कळवावे.

लेख आटोपण्यापूर्वी आपल्याच ज्ञातीतील आणखी एका बंदुकीविषयी सांगितले पाहिजे. आर्वी तालुक्यातील एका घरी धान्याच्या कणगीमागे ती आम्ही पाहिली. साधी ठासणीची, दस्त्यास तारेने बांधलेली, नाव नाही, चांदी नाही. परंतु घरच्या आजींनी पत्र्याच्या पेटीतून एक घडी पडलेला कागद काढून दिला. तो इंग्रजी अमदानीतील परवाना होता, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाचा, पिकाच्या रक्षणासाठी दिलेला. बंदुकीचे वर्णन त्यात नमूद होते आणि ते हाती असलेल्या बंदुकीशी जुळत होते. रानडुकरांपासून ज्वारी राखण्यासाठी सासरे रात्र-रात्र माचाणावर कसे बसत, हे आजींनी सांगितले. "मी सून होऊन आली तेव्हा ही अशीच टांगली होती, मास्तर," त्या म्हणाल्या. बाजारात त्या बंदुकीस कोणी फारसे काही देणार नाही. परंतु तिची वंशावळ अखंड आहे, आणि आपल्या शेतकरी पूर्वजांविषयी ती जे सांगते ते खरे आहे. मंडळाने ज्या बंदुकीसाठी वर्गणी घालविली, तिला हे एक वाक्यही खरे सांगता येत नव्हते.

वर्धा खोऱ्यातील पुष्कळ गावांत पेंढाऱ्यांच्या धामधुमीच्या काळातील मातीच्या गढ्या आजही उभ्या आहेत, आणि त्यांच्या आसऱ्याने राहिलेल्या घरांत अशी शस्त्रे अजून असतील. म्हणून सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती की आपल्या घरी जे जुने शस्त्र, कागद वा सनद असेल, त्याची नोंद एका वहीत करावी : वस्तू कोणाची, कोणाकडून आली, हे कोणी सांगितले व कोणत्या साली सांगितले. जे ठाऊक आहे ते लिहावे. जे ऐकीव आहे त्यापुढे 'ऐकीव' असे लिहावे. शस्त्र वाळूने वा आम्लाने घासून चकचकीत करू नये. तसे केल्याने ठसे व अक्षरे नाहीशी होतात. वहीची एक प्रत मंडळात द्यावी. ज्यांनी घरातील वृद्धांस अद्याप विचारले नाही, त्यांनी येत्या दिवाळीपूर्वी विचारावे. वस्तू टिकते, सांगणारे टिकत नाहीत.

शेवटी जे प्रथम करावयास हवे होते ते करतो. ह्या स्मरणिकेच्या पूर्वीच्या अंकात आम्ही त्या चांदीच्या बंदुकीविषयी केलेले विधान आम्ही परत घेत आहोत. ज्यांच्या घरी तो अंक असेल, त्यांनी त्या पानावर 'हे विधान चुकीचे आहे' असे शाईने लिहावे, आणि ज्या मुलीने ते वाक्य भाषणात म्हटले, तिला हा लेख कोणीतरी अवश्य वाचावयास द्यावा. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, त्या जिल्ह्यातील शिक्षकाने सत्यासाठी एवढे केले तर त्यात विशेष ते काय? पूर्वजांचा पराक्रम खरा असेल तर त्यास खोट्या साक्षीची गरज नाही, आणि त्यांचे कष्ट तर आर्वीच्या त्या कागदाप्रमाणे आपल्या घरांतच आपली वाट पाहत आहेत.